निळ्या रिबिनीचं खोकं

"हे माझंच बेट आहे! माझ्याच बेटावर जायला मी बूट का घासायचे?"

टॅन्सीने ब्रश बादलीत आपटला. साबणाचं पाणी उडालं ते थेट जेवॉनच्या चष्म्यावर.

"बेट तुझं आहे, पण तुझ्या बुटाला कुठे माहीत आहे ते?" इंगा हसत म्हणाली. इंगा जहाजावरची गाईड, नॉर्वेची. तिने चिमट्याने बुटाच्या शिवणीतून एक बी उपसून काढलं. "हे बघ. तुमच्या शाळेच्या मैदानातलं गवत. उद्या हे तुझ्या बेटावर उगवलं असतं."

टॅन्सीने ब्रश पुन्हा उचलला आणि ती रागारागाने बूट घासायला लागली.

'ग्रे लेडी' जहाज स्टॅनलीहून निघून तीन तास झाले होते. हॉलमध्ये नव्वद प्रवासी खाली मान घालून मोज्यातलं आणि टोपीतलं बी वेचत बसले होते. त्यांना पेंग्विन बघत बघत पार दक्षिणेच्या बर्फापर्यंत जायचं होतं. वाटेतलं पहिलं बेट टॅन्सीचं, हार्पर बेट. तिथे एकच घर. त्यात आई, बाबा, बाकी सगळ्या मेंढ्या. फॉकलंडच्या असल्या लांबच्या बेटांवरची मुलं शाळेसाठी स्टॅनलीच्या हॉस्टेलवर राहतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे डिसेंबरात, छोट्या विमानाने घरी जातात. यंदा विमान उतरायच्या कुरणात पाणी साचलं होतं. मग कप्तानच म्हणाले, 'या आमच्याबरोबर!' म्हणून तेरा वर्षांची टॅन्सी, तिचा दहा वर्षांचा भाऊ रोरी आणि तिच्या वर्गातला जेवॉन असे तिघे जहाजावर होते. जेवॉनचे आईबाबा सेंट हेलेनाहून स्टॅनलीला आलेले. तो हार्परला पहिल्यांदाच येत होता.

तेवढ्यात रोरी धावत आला. त्याच्या तोंडाला साखर लागली होती.

"टॅन! आईसाठी जहाजवाल्यांनी भेट बांधलीय. हे एवढं खोकं! निळी रिबीन लावून!"

"आणि तू उघडलंस?"

"उघडलं नाही, बाजूने हात घातला," रोरी म्हणाला. "पण बिस्किटांचा एक पुडा आधीच फोडलेला आहे. कुणीतरी कुरतडलाय. आत काळं काळं काहीतरी आहे, जिऱ्यासारखं."

टॅन्सी उठली. एका पायात बूट, एक पाय मोज्यातच.

खोकं खालच्या मजल्यावर, बोटीत चढायच्या दारापाशी ठेवलं होतं. जेवॉनने पुडा उचलला, चष्मा पुसला आणि नाकापाशी नेऊन बघितला.

"जिरं नाही हे," तो हळूच म्हणाला. "आमच्या आजोळी कोठारात असलं रोज दिसायचं. उंदराच्या लेंड्या आहेत."

टॅन्सी दोन पावलं मागे सरकली. तिने जन्मात खरा उंदीर बघितला नव्हता. हार्परवर एकही उंदीर नव्हता ना! आणि उंदीर नव्हते म्हणूनच तिथे रेन होते. चिमणीएवढे, तपकिरी, कमालीचे धीट पक्षी. दगडांच्या फटीत घरटी करायचे आणि माणसाला न घाबरता खुशाल येऊन बुटावर बसायचे. शेजारच्या बेटावर पणजोबांच्या काळात एका बोटीतून उंदीर उतरले. आज तिथे एकसुद्धा रेन नाही.

"मग घाबरायचं काय त्यात?" जेवॉन म्हणाला. "तूच म्हणालीस ना, तुमच्याकडे आलेलं प्रत्येक खोकं तुझे बाबा जेटीवरच्या खोलीत दार लावून उघडतात. तिथेच सापडेल की."

"ते दुकानातून मागवलेल्या सामानाचं रे! ही भेट आहे. भेट घेऊन आलेल्या माणसासमोर त्याचं खोकं तपासायचं? माझ्या आईला ते मेलं तरी जमणार नाही. ती थँक्यू थँक्यू म्हणत सरळ स्वयंपाकघरात नेणार. आणि बाबासुद्धा गप्प बसणार."

"कोण आहे तिथे?"

मिस्टर डॅन्बी! जहाजावरच्या खाण्यापिण्याची सगळी व्यवस्था यांच्याकडे. उंच, इस्त्री केलेले, सतत घाईत.

टॅन्सीने पुडा त्यांच्या नाकासमोर धरला. "यात उंदीर शिरलाय!"

"आमच्या जहाजावर उंदीर नाहीत," डॅन्बी म्हणाले. "तसा दाखला आहे आमच्याकडे." मग त्यांची नजर रोरीच्या तोंडावरच्या साखरेवर गेली. "उंदीर कोण ते दिसतंच आहे मला."

"माझ्या भावाला उंदीर म्हणता? तुम्हाला जिरं आणि लेंडी यातला फरक तरी कळतो का? तुम्हीच..."

पुढे टॅन्सी जे बोलली ते इथे न लिहिलेलंच बरं. पाच मिनिटांनी तिघेही वर हॉलमध्ये होते आणि त्यांना खालच्या मजल्यावर जायला बंदी झाली होती. इंगाने सगळं ऐकून घेतलं. पण पुडा डॅन्बींनी केव्हाच कचऱ्यात टाकला होता.

"पुराव्याशिवाय मी कप्तानांकडे गेले, तर तेही डॅन्बींचंच ऐकतील," ती म्हणाली. "मला काहीतरी दाखवता येईल असं आणा. मग बघते मी."

"छान बोललीस हं त्यांना," इंगा गेल्यावर जेवॉन म्हणाला. "आता काय, समुद्रात ढकलायचं का त्यांना?"

"गप रे!" टॅन्सी फणफणली. मग नखं खात म्हणाली, "माझंच चुकलं."

"कळलं ना? मग ऐक. आजोळी आम्ही पीठ पसरायचो."

संध्याकाळच्या चहाला जेवॉन स्वयंपाकघरात गेला आणि गोड आवाजात म्हणाला, "शाळेच्या प्रयोगासाठी वाटीभर पीठ मिळेल का?" चष्मेवाल्या मुलाला कोण नाही म्हणणार? बाहेर उन्हात अल्बट्रॉस पक्षी दिसला आणि सगळं जहाज, डॅन्बींसकट, कॅमेरे घेऊन डेकवर धावलं. तेवढ्यात रोरी सुळकन खाली गेला. खोक्याच्या मागे नाश्त्याचा ट्रे, त्यात पातळसं पीठ, मधोमध एक बिस्कीट. परत आला तेव्हा हात झटकत म्हणाला, "मी त्यातलं खाल्लं नाही. शपथ!"

सकाळी न्याहारी सोडून तिघे इंगाला खाली ओढत घेऊन आले.

बिस्कीट गायब होतं. पिठात बारीक बारीक पावलं उमटली होती, चार-पाच बोटांची, आणि मधून शेपटीची ओढ गेलेली. रेघ ट्रेमधून निघून जमिनीवर खोक्याच्या जागेपर्यंत येत होती.

फक्त त्या जागेवर खोकं नव्हतं.

"मिस्टर डॅन्बी पहिल्या बोटीतून गेले," दारातला खलाशी म्हणाला. "खोकं मांडीवर घेऊन. त्यांना स्वतःच्या हाताने द्यायचंय म्हणे."

इंगाने कमरेचा रेडिओ उपसला. तिने कप्तानांना सांगितलं, "एकाही प्रवाशाला उतरवू नका!" मग पहिल्या बोटीला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा हाक. घरघर, बाकी काही नाही. तिने कोपऱ्यातला बूट धुवायचा मोठा झाकणवाला टब बोटीत फेकला. "चढा!"

रबरी बोट लाटांवर आपटत निघाली. समोर हार्परची छोटी लाकडी जेटी. पहिली बोट लागली होती आणि डॅन्बी खोकं छातीशी धरून जेटीवर चढत होते. आई दोन्ही हात पसरून पुढे येत होती. बाबा तिच्या मागे हसत उभे होते.

"आई! घेऊ नकोस! आई!"

काही उपयोग नाही. इंजिनाचा आवाज, वारा, त्यात किनाऱ्यावर शेकडो पेंग्विनांचा गोंधळ. आईने उलट हात हलवून दाखवला. तिला वाटलं, लेक खुशीत ओरडतेय!

आईच्या पायाशी फ्लेक बसला होता. काळापांढरा, बाबांचा मेंढ्या वळवणारा कुत्रा.

"इंगा, इंजिन बंद कर!" टॅन्सी ओरडली. तिने दोन बोटं तोंडात घातली. एक लांब शीळ, मग दोन तुटक. म्हणजे, फिरून जा आणि अडव!

फ्लेकचे कान उभे राहिले. माणसांची हाक वाऱ्यात विरली तरी शीळ त्याला मैलावरूनही कळायची. पण मेंढ्या कुठे आहेत? त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. जेटीवर नवीन असं एकच काहीतरी चालत होतं.

तो बाणासारखा सुटला आणि डॅन्बींसमोर पोट टेकून, डोळे रोखून बसला.

डॅन्बी डावीकडे सरकले. फ्लेक डावीकडे. डॅन्बी उजवीकडे. फ्लेक उजवीकडे. डॅन्बी म्हणाले, "छान कुत्रा, शहाणा कुत्रा." फ्लेकने त्यांना एक पाऊल मागे ढकललं.

"फ्लेक! काय चाललंय?" बाबा ओरडले. तेवढ्यात दुसरी बोट लागली आणि टॅन्सीने जेटीवर उडी मारली.

"कुणी हात लावू नका! खोक्यात उंदीर आहे!"

"पुन्हा तेच!" डॅन्बी वैतागले. आणि त्याच क्षणी खोक्यातून आवाज आला. खर्र. खर्र खर्र.

डॅन्बींनी खाली खोक्याकडे बघितलं. त्यांची बोटं सैल पडू लागली. जेटीच्या फळ्यांमध्ये चार-चार बोटांच्या फटी होत्या. खोकं पडलं असतं, तर उंदीर फटीतून खाली आणि खालून सरळ दगडांत!

टॅन्सीच्या तोंडावर आलं होतं, 'सांगत नव्हते मी?' तिने ते गिळलं.

"मिस्टर डॅन्बी," ती अगदी हळू म्हणाली, लहान कोकराशी बोलावं तशी. "तुम्ही फार छान धरलंय. टाकू नका. माझ्याकडे बघा. खोक्याकडे नाही, माझ्याकडे."

"ते... ते हलतंय."

"हलू दे. इंगा टब आणतेय. आता गुडघे वाकवा. हळूहळू. आणखी थोडं."

खोकं टबात टेकलं. जेवॉनने झाकण दाबलं, रोरी उडी मारून त्यावर बसला.

डॅन्बी तिथेच फळ्यांवर मटकन बसले. फ्लेकने त्यांचा हात चाटला. त्याच्या मते मेंढी आता कळपात आली होती.

बाबांनी टब जेटीवरच्या खोलीत नेला आणि दार लावून घेतलं.  बऱ्याच वेळाने ते बाहेर आले.

"एकच होती. मादी. पोटात पिल्लं होती."

"मग ती..." रोरीने दाराकडे बघितलं.

"हो. पटकन झालं, बाळा."

"तिची काय चूक होती?" जेवॉन म्हणाला.

"काहीच नाही," बाबा म्हणाले. "ती आपणहून आली नव्हती. चूक आमची. चांगलं दिसण्याच्या नादात आम्ही आमचाच नियम मोडणार होतो."

आई डॅन्बींशेजारी जाऊन बसली. तेव्हा कळलं, गेल्या वर्षी बोट लागून उलट्यांनी डॅन्बी अर्धमेले झाले होते आणि आईने त्यांना दिवसभर सूप पाजलं होतं. त्यासाठीच त्यांनी हे खोकं स्वतःच्या हाताने भरलं होतं, रिबीन बांधली होती. टॅन्सीला त्यांच्याकडे बघवेना. काल ती काय काय बोलली होती!

"मी बोलले ते चुकीचं होतं," ती पुटपुटली. "म्हणजे, उंदराबद्दल बरोबर होतं. बाकीचं चुकीचं होतं."

"आणि मी ऐकायला हवं होतं," डॅन्बी म्हणाले. ते रोरीकडे वळले. "बिस्किटं तू खाल्ली नव्हतीस. माफ कर मला."

"दोन खाल्ली होती," रोरी म्हणाला.

पहिल्यांदा डॅन्बीच हसले.

प्रवाशांना मात्र बेटावर पाऊल टाकता आलं नाही. जहाजाचा कोपरान् कोपरा तपासायला परत स्टॅनलीला जायचं ठरलं. पण आईने नव्वद माणसांसाठी पहाटेपासून भाजलेल्या केक आणि गोड पावांचं काय? बेटावर काही येऊ द्यायचं नव्हतं, बेटावरून जायला कुणाची ना होती? तिघांनी बादल्या भरभरून जेटीवरून बोटींत खाऊ दिला. लोकांनी लाटांवर डुलत डुलत खाल्लं आणि एक रेन जेटीच्या टोकाला येऊन त्यांच्याकडे मान वाकडी करून बघत राहिला. एवढे कॅमेरे त्याच्यावर कधी रोखले गेले नसतील!

जेवायच्या वेळी बाबा कप्तानांना भेटून परतले. जाताना त्यांनी जेटीवरच्या खोलीची किल्ली टॅन्सीच्या हातात दिली होती. आता ते बोटीतून जेटीवर पाय टाकणार, तोच ती समोर उभी राहिली.

"थांबा. आधी खिसे."

"टॅन्सी!" आई किनाऱ्यावरून ओरडली. "येऊ दे गं त्यांना, मटण गार होतंय!"

बाबा बोटीतच उभे राहिले आणि एकेक खिसा बाहेर काढून उलटा करायला लागले.

"होऊ दे गार," ते म्हणाले. "आधी ती हो म्हणू दे."