डक्टमधून येणारं रडणं

“ताई, हे भगदाड आजच बुजवा. खाली काही पेटलं तर सगळा धूर तुमच्या घरात येईन.”

प्लंबर धर्मराजकाका बोलला तेव्हा अक्षता हसली होती. “काका, पाण्याच्या पाइपातून आग येती व्हय कधी?”

अक्षता माझी सख्खी बहीण. तिच्या तोंडून ऐकलं तेच लिहितेय. पदरचं काही नाही.

जालन्यात एमआयडीसीच्या रस्त्याला, दुसऱ्या मजल्यावर तिचा फ्लॅट. टँकरचं पाणी वर घ्यायला पाइप डक्टमधून, म्हणजे तळमजल्यापासून वर जाणाऱ्या पाइपांच्या पोकळीतून ओढला, स्वयंपाकघराची भिंत फोडली. पाइपाभोवती आग अडवणारा मसाला भरायचा, तर दाजींनी बियाण्याची रिकामी पिशवी कोंबली.

यंदाचा २४ एप्रिल. दुपारचे अडीच.

आधी जळका वास आला...

मग पिशवी वितळली. भगदाडातून काळा धूर घुसला. आणि तळमजल्यावरच्या उषाबाईंचा आवाज...

“अक्षे, दार उघड गं... किल्ली घावना मला... तुझ्याजवळची आण, जल्दी...”

म्हातारी एकटीच राहायची. तिच्या दाराला आतूनही किल्लीच लागायची. दुसरी किल्ली अक्षताकडं असायची. समोरच खिळ्याला होती.

पाळण्यात सात महिन्यांचा बबलू खोकत होता.

अक्षतानं त्याचं दुपटं भिजवलं. भगदाडात दाबून बसवलं. धूर थांबला.

आवाजही.

बाळाला घेऊन ती गच्चीवर पळाली. किल्ली खिळ्यालाच राहिली.

नंतर मला सोडून बाकी सगळ्यांना म्हणाली, “मला काहीच ऐकू आलं न्हाई.”

उषाबाईंचं तेरावं झाल्यावर धर्मराजकाकानं भगदाडात मसाला भरला. ठोकून दाखवला. “आता मुंगीबी येणार न्हाई.”

त्याच दुपारी बबलू रडायला लागला.

अक्षता पाळण्याकडं धावली. तोंड उघडं, गाल लाल, डोळ्यांत पाणी. पण आवाज...

आवाज भिंतीतून येत होता. दबका. ओल्या कापडाआडून यावा तसा.

डॉक्टर म्हणाले, घसा बराबर आहे.

रोज ते रडणं थोडं थोडं खाली सरकत गेलं. काल थेट तळमजल्यावरून आलं. त्या जळक्या, बंद घरातून.

आज सकाळी तिचा फोन आला. कुजबुजत होती.

“खाली कुणीतरी त्याला गप करून राह्यलं गं... म्हणतंय, मी सांभाळते, तू जा गच्चीवर...”

फोन बंद झाला. तो बंदच आहे. दाजी ड्युटीवर, मी इथं लांब धावड्याला, मांडीवर माझं लेकरू.

त्या बाजूला कुणी राहत असाल तर जाऊन या हो. बबलू पाळण्यात दिसेल. पण नुसतं बघून येऊ नका.

तो रडेपर्यंत थांबा. आवाज कुठून येतो ते ऐका.