उलट्या हाताचं व्हायोलिन

बसस्टँडवरून जुन्या जालन्याकडे निघालेल्या रिक्षात भार्गवी शेवटी चढली आणि व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन बसली. शेजारच्या तरुणानं पेटीकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं, मग पुन्हा पेटीकडे...

"नरहर सरांच्या वाद्यवृंदात का?"

"कसं ओळखलंत?"

"या गावात ही पेटी घेऊन दुसरीकडं कोण जाईल?" तो हसला. "मी बी तिकडंच निघालो. सरांना भेटायला."

"तुम्ही वाजवता?"

"वाजवत होतो..."

कुंडलिकेच्या पुलावर रिक्षा उसळली. पेटी घसरली आणि त्यानं दोन्ही हातांनी ती झेलली. तेव्हाच त्याचा डावा हात रुमालाखालून बाहेर आला. अनामिका आणि करंगळी नव्हती. भार्गवीनं नजर वळवली, पण जरा उशिराच.

"कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली," तो शांतपणे म्हणाला. "घनसावंगीला शेती आहे आमची. विचारलं तरी चालतंय."

त्याचं नाव भारत. कॉलेजात असताना नरहर सरांकडे शिकलेला. सरांनी त्याला तालमीच्या दालनाच्या दारात पाहिलं, वृंदाला ताल द्यायची हातातली छडी खाली ठेवली आणि त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ते नुसते उभे राहिले.

हा वाद्यवृंद गावानंच उभा केलेला. त्यात शिक्षक होते, दातांचे डॉक्टर होते, भुसार दुकानदार होते. बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारी भार्गवी होती, आणि लग्नाच्या बँडमध्ये हयात घालवलेले, कॉर्नेट ही छोटी पितळी तुतारी वाजवणारे म्हातारे कडूबा होते. शाळा उघडताना, दवाखान्याच्या आवारात, आष्टीच्या बाजारात... बोलावणं आलं की ही मंडळी खुर्च्या टेम्पोत टाकून निघत. वृंदातलं कुणी गेलं, तर त्याच्या गल्लीत जाऊन वाजवत.

भारत दर रविवारी जीपनं येऊ लागला. मागच्या बाकावर बसून ऐकायचा. भार्गवीची पाठ त्याच्याकडे असायची, आणि त्या पाठीला तो आहे की नाही हे बरोबर कळायचं.

एके दिवशी तिनं त्याला गाठलंच. "गज डाव्या हातात धरा. तीन बोटं पुरतात. तारा मी उजव्या हातासाठी उलट्या लावून देते."

"अन् उजवा हात? त्याला तर काहीच येत न्हाई. पयल्यापासनं शिकावं लागंल."

"मग शिका."

सरांनी आपलं जुनं व्हायोलिन दिलं. तालमीआधी ती त्याला शिकवू लागली. आवाज असा निघायचा, की खालचे दुकानदार वर येऊन बघून जायचे.

"हा सा नाही, भारत. सा-च्या शेजारचा आहे."

"शेजाऱ्याशी बी जमवून घ्यावं लागतं, मॅडम."

"इथं नाही. पुन्हा वाजवा."

पावसाळा सरता सरता त्याचा सूर जागेवर आला. सरांनी त्याला भार्गवीशेजारी बसवलं, तर दोघांचे गज एकमेकांवर आदळायला लागले. मग सरांनी त्याला तिच्या डावीकडे बसवलं. आता दोन्ही व्हायोलिनांची तोंडं एकमेकांकडे आली. कागदावरचे सूर वाचायला मान उचलली, की आधी दिसायचे ते त्याचे डोळे. तो लगेच खाली बघायचा... आणि ती त्याच्याही नंतर.

दिवाळीनंतरच्या कार्यक्रमात टाळ्या खूप झाल्या. एक पाहुणे भारतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, बिचाऱ्यानं हाताचं असं होऊनही केवढं केलं. जीपच्या थांब्यावर त्यानं व्हायोलिनची पेटी खाली ठेवली. मग एकदम म्हणाला, "भार्गवी, तुम्ही माझी कीव तर करून राह्यल्या न्हाई ना?"

तिला खोटं बोलता आलं नाही आणि खरं जुळवता आलं नाही. तेवढ्यात जीप सुटली आणि तो चढून निघून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन वाजून वाजून बंद व्हायचा. तिच्या डाव्या बाजूला मोकळं मोकळं वाटायचं, आणि ती सोपे सूर चुकायची.

आणि कडूबा गेले. झोपेतच.

कडूबांच्या गल्लीतल्या दुकानांची शटरं अर्धी खाली होती. खुर्च्या मांडून झाल्या, तेव्हा भारत व्हायोलिन घेऊन गल्लीच्या तोंडाशी दिसला. तो येऊन आपल्या जागी बसला. कॉर्नेटचा भाग सरांनी व्हायोलिनांना दिला होता. दोघांनी तो मिळून वाजवला. हातगाडीवाले थांबले, गॅलरीत बायका पदर डोळ्यांना लावून उभ्या राहिल्या.

खुर्च्या उचलताना भार्गवी हलक्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी विचारलंत ना... रिक्षात कीव आली होती मला. खरं सांगते. पण ती कधी गेली, कळलंच नाही. आता तुम्ही नसलात की मला माझीच कीव येते."

त्यानं तिच्या हातातली खुर्ची घेतली. "मी उगी निघून गेल्तो."

"हो. उगीच."

कडूबांची बायको तुळजाबाई, जिला वृंदातले सगळे मामी म्हणत, पाण्याचा तांब्या घेऊन आली. रडून तिचा आवाज बसला होता. तिनं भारतच्या हातात तांब्या दिला, भार्गवीकडे निरखून पाहिलं.

"ही कोण रे तुझी?"

भारत अडखळला. "मामी... तिला अजून विचारलं न्हाई."

"मंग विचार की जल्दी. माझं लई बोलायचं राहून गेलं बघ यांच्याशी..." ती पदर सावरत आत वळली.

भारत तांब्या हातात धरून तिच्याकडे वळला.

"विचारू?"

"हो," भार्गवी म्हणाली.

"हो म्हंजे... विचारू का, अन् मंग तुम्ही—"

"विचारा. उत्तरही तेच आहे."

त्यानं तांब्या खाली ठेवला. उंबऱ्यापाशी गेला, चप्पल काढली आणि आतल्या अंधारात, अगदी हळू, तुळजाबाईला हाक मारली, "मामी, विचारलं... हो म्हणली."