नाथसागरावरचा दर्यावर्दी

"ही घार नाहीच! घारीची शेपटी कधी एवढी दुभंगलेली असते का?" विशाखाने डोळ्यांवरची दुर्बीण खाली घेतलीच नाही.

"मला बघू दे ना! दुर्बीण तुझी असली तरी पक्षी आमच्या गावचा आहे!" अभय कुरकुरला.

"अरे, तो कुठल्याच गावचा नाहीये. गंमत तीच आहे!"

दिवाळीच्या सुट्टीत विशाखा छत्रपती संभाजीनगरहून नाथसागराच्या काठी करुणाआत्याकडे आली होती. अभय हा आत्याचा मुलगा आणि शेजारची रूपाली ही दोघांची मैत्रीण. कोकणच्या किनाऱ्यावर नुकतंच चक्रीवादळ आदळलं होतं. त्याच्या वाऱ्याने इथल्या गोठ्यांवरचे पत्रेही उडवले होते. वारा पडला आणि हा काळा, लांब टोकदार पंखांचा पाहुणा धरणाच्या पाण्यावर घिरट्या घालताना दिसला.

विशाखाने फोटो काढून शहरातल्या पक्षिमित्रांच्या ग्रुपवर टाकला. तिथे काकासाहेब सरांचा शब्द अखेरचा. त्यांचं उत्तर लगेच आलं : 'घार आहे. आधी नेहमीचे पक्षी शिका.'

विशाखाचे कान तापले. "फोटो उघडूनसुद्धा पाहिला नसेल!"

"उघडून तरी काय दिसणार? नुसता शाईचा डाग!" अभय म्हणाला.

"ए, तिकडं बघा!" रूपाली ओरडली. "सुरयाच्या मागं लागलाय!"

घाबरलेल्या सुरयाने, त्या छोट्या पांढऱ्या पाणपक्ष्याने, चोचीतला मासा सोडला. काळ्या पक्ष्याने सूर मारून तो हवेतच झेलला!

"लई बेरकी हाय! आन् पाण्याला पंखसुद्धा लावला नाय!"

विशाखा विचारात पडली. एवढा वेळ घिरट्या घालून दमलेला पक्षी पाण्यावर टेकत का नाही? शेजारी बदकं तर मजेत तरंगतायत! तिने मोबाईलवर शोधाशोध सुरू केली आणि थोड्या वेळाने ताडकन उठली.

"फ्रिगेट पक्षी! समुद्रावर राहतो, दुसऱ्यांचे मासे पळवतो. वादळानेच इकडे आणलाय त्याला. पिसं भिजतात म्हणून पाण्यावर बसत नाही! पण यात जाती आहेत. लहान फ्रिगेट असेल, तर पोटावरचा पांढरा डाग पार काखेपर्यंत जातो. आपल्याला त्याच्या काखेचा फोटो हवा!"

"काखेचा? हात वर कर म्हणून सांगायचं का त्याला?" अभय खो खो हसला.

रूपालीचे वडील कडुबा मासेमारी करायचे. लाइफ जॅकेट घालायच्या अटीवर त्यांनी तिघांना होडीत घेतलं. पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या वाळक्या शेंड्यावर तो पक्षी मान पाडून बसला होता. कडुबांनी बऱ्याच अंतरावर होडी पाण्यातून वर आलेल्या एका खुंटाला बांधली.

इतक्यात घर्रर्र आवाज आला. काठावरून दोन तरुणांनी ड्रोन उडवला होता. तो थेट बाभळीकडे निघाला!

"दादा, थांबवा! तो दमलाय!" विशाखा ओरडली. "आणि हे पक्षी अभयारण्य आहे, इथे ड्रोनला बंदी आहे!"

"ए छोटी, चिल्लाव मत! रील बनतेय इथं!" पलीकडून हसणं ऐकू आलं.

पक्षी बिथरून पाण्यात पडला तर? पिसं भिजली की संपलंच! तेवढ्यात रूपालीने तोंडाभोवती हात धरले.

"अवो दादा! ह्या काळ्या पाखराची कसली रील करताय? तिकडं टेकडीमागं हजारभर रोहित उतरल्यात! गुलाबी रान झालंय!"

"फ्लेमिंगो? सच्ची?"

"व्हय! पळा, उडून जातील!"

ड्रोन झटकन माघारी फिरला आणि मोटारसायकल धुरळा उडवत दिसेनाशी झाली.

"रूपाली, रोहित तर थंडी चांगली पडल्यावर येतात ना?" अभयने विचारलं.

"त्यांना कुठं म्हाईत हाय!"

कडुबांनाही हसू आवरेना. मग मात्र सगळे कामाला लागले. अभयने दुर्बीण घट्ट धरली आणि विशाखाने तिच्या भिंगाला मोबाईलचा कॅमेरा लावला. होडी डुलली की चित्र पळायचं. पक्षी पिसं साफ करत बसला होता. उन्हाने मान भाजली, तरी कुणी हललं नाही.

अचानक त्याने पंख पसरले. केवढे ते पंख! उंच उडून तो थेट त्यांच्या डोक्यावरून गेला. विशाखा बटण दाबतच राहिली.

एक फोटो लख्ख आला होता. पोटावरचा पांढरा डाग दोन्ही काखांत शिरलेला!

तो ग्रुपवर जाताच काकासाहेबांचा फोन आला. "पोरी, तिथेच थांब. मी निघालोय!"

संध्याकाळच्या आत ते मोठी दुर्बीण घेऊन काठावर हजर झाले. पुन्हा बाभळीवर येऊन बसलेल्या पक्ष्याकडे पाहता पाहता त्यांनी चष्मा पुसला.

"उभ्या जन्मात नाथसागरावर हा पाहिला नव्हता. विशाखा, मी तुझा फोटो न उघडताच उत्तर दिलं. चुकलंच माझं. पक्ष्यांच्या मासिकात ही नोंद तुम्हा तिघांच्या नावाने जाईल! आणि त्या ड्रोनवाल्यांचं वनखात्याला मी कळवतो."

"म्हंजी आमच्या रूपालीचं नाव छापून येनार?" कडुबांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता लेकीच्या पाठीवर जोरात थाप मारली. करुणाआत्याने तर तिघांनाही एकदमच कवेत घेतलं.

पक्षी आता वर वर चढत होता. एक मोठं वळण घेऊन तो मावळतीकडे निघाला. समुद्र तिकडेच होता, पण केवढा लांब! विशाखाने दुर्बीण डोळ्यांना लावली. आकाशात एक ठिपका उरला.

"दिसतोय का अजून?" अभयने हळूच विचारलं.

"नाही," विशाखा म्हणाली. पण दुर्बीण तिने खाली घेतली नाही.