बेल दाबली की कोण येतं?

पटत नसेल तर सोडून द्या. पण हे घडलंय. आणि भर दुपारी घडलंय.

आमची काकू निवृत्त नर्स. तुरुंगाची पाहणी करणाऱ्या स्वयंसेवकांपैकी एक. पगार नाही, भत्ता नाही. न सांगता जायचं आणि हवी ती कोठडी उघडायला लावायची, एवढाच अधिकार.

त्या दुपारी तिने टोकाची कोठडी उघडायला लावली. महिन्यापूर्वी तिथे एक पोरगा दम्याने तडफडून मेला होता. मदतीची बेल त्याने दाबलीच नाही, म्हणे. त्याची आई ऊर बडवून सांगत होती, दाबली असणारच!

"मला आत घाल. कुलूप लाव आणि जागेवर जाऊन बस," काकू शिपायाला म्हणाली. "बेल वाजली की यायचं."

"हौसेने आत जाणाऱ्या तुम्हीच पहिल्या, काकू!"

"दात नंतर काढ. कुलूप लाव."

बूट वाजत लांब गेले.

काकूने बेल दाबली.

काहीच नाही...

पुन्हा दाबली.

मग पावलं आली. बुटांची नव्हेत... अनवाणी. घाईघाईची.

दाराशी थांबली.

दारातली झडप सरकली. पलीकडे कुणीच नाही. फक्त श्वास... छातीत शिट्टी वाजावी तसा घरघरणारा. नर्सला तो आवाज ओळखायला शिकवावं लागत नाही.

"काय होतंय, काकू? पाणी देऊ?"

काकूने बेलवरचं बोट काढून घेतलं.

बऱ्याच वेळाने शिपाई आला. मिशीला चहा.

"बेल ऐकून आलास?"

"कुठली बेल? वायर कधीची तुटलीय. तो पोरगा जायच्याही आधी..."

त्याने जीभ चावली. उशीर झाला होता.

शेजारच्या कोठडीच्या झडपेमागून एक म्हातारा पुटपुटला, "हल्ली येतं कुणीतरी, बाई. पोरगा गेल्यापासून... दर वेळी येतं."

बेल दाबल्यावर कुणी येतं का, एवढंच अहवालात लिहायचं होतं. काकूने लिहिलं, "पगार घेणारं कुणीही येत नाही." खाली वायरीचं सगळं लिहिलं. वरून दटावणी आली. तिने एक शब्द बदलला नाही.

पण तेव्हापासून ती कुठलीच बेल दाबत नाही. दारावर थाप मारते.

परवा मात्र स्वतःच्याच दारावरच्या बेलकडे सवयीने हात गेला. घरात कुणी नव्हतं, किल्ली तिच्याच मुठीत होती.

आतून पावलं आली... अनवाणी. घाईघाईची.

"काही नाही रे, बाळा," काकू दाराला म्हणाली. "चुकून दाबली. जा तू."

आतली घरघर थांबली नाही...