चिकटपट्टीखालचा दिवा

"दुसऱ्यांना पेटी समजावून सांगायची, तर आधी आपल्याला समजायला हवी ना," ताई म्हणाली, आणि बारक्याने लगेच मान डोलावली. त्याला काहीही समजलं नव्हतं, पण मान डोलावण्यात तो पटाईत होता.

शाळेने सुट्टीचा प्रकल्प दिला होता : वसाहतीच्या विजेच्या पेट्या कशा चालतात ते रविवारच्या सभेत सगळ्यांना सांगायचं. काम तिघांवर आलं होतं. ताई म्हणजे वसाहतीच्या सचिवांची मुलगी. बारक्या तिचा धाकटा भाऊ. तिसरी झिपरी, वायरमनकाकांची लेक, जिचे केस विंचरण्याचा नाद तिच्या आईने कधीच सोडून दिला होता. एरवी या तिघांनी प्रकल्प शेवटच्या दिवसावर ढकलला असता. पण रविवारी झिपरी वसाहत सोडून जाणार होती. तिच्या बाबांना कामावरून काढलं होतं.

त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी ते मोठ्याने बोलत नव्हतं. वसाहतीच्या प्रत्येक छपरावर सूर्याची वीज तयार होते. उरलेली वीज मैदानामागच्या मोठ्या बॅटरीत साठते. त्या साठ्याचा तळचा भाग राखीव असतो. बाहेरची वीज गेली, तर आजारी माणसांची यंत्रं त्यावर चालावीत म्हणून. उन्हाळ्यात एका संध्याकाळी वादळ आलं, बाहेरची वीज गेली आणि बॅटरी तळापर्यंत रिकामी निघाली. शिवणाच्या आजींचं श्वासाचं यंत्र बंद पडलं. त्यांना इस्पितळात नेलं, पण त्या परत आल्या नाहीत. अर्ध्या वसाहतीचे गणवेश ज्यांनी शिवले, त्या आजी. कार्यालयातल्या पेटीत नोंद निघाली, की राखीव साठा वायरमनकाकांनी चुकून उघडला होता.

काकांनी वादही घातला नाही. माझ्या हातून झालं असेल, त्या दिवशी कामांची फार घाई होती, एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं, असं झिपरीने सांगितलं होतं. सांगताना ती दुसरीकडे बघत होती.

"पेटी म्हणजे ब्लॉकचेन," ताईने बारक्याला सांगितलं. "क्रिकेटमध्ये धावा तू एकट्याने मोजल्यास तर काय होतं?"

"मी जिंकतो," बारक्या प्रामाणिकपणे म्हणाला.

"म्हणूनच सगळ्यांनी मोजायच्या. कुणी किती वीज दिली, कुणी घेतली, त्याची एकेक कडी तयार होते. राखीव साठा उघडायचा, तर चालू पेट्यांपैकी निम्म्याहून जास्त होकार लागतात, नाहीतर वायरमनची किल्ली, आणि त्याचीही कडी होते. प्रत्येक कडीला आधीच्या कडीची गाठ असते. आणि ही सबंध साखळी प्रत्येक घरच्या पेटीत असते. तू एका पेटीत लबाडी केलीस, तरी बाकीच्या पेट्या म्हणतात, आमच्याशी जुळत नाही."

बारक्याला हे पटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

चित्र काढायला म्हणून तिघं कार्यालयात गेली. तिथली पेटी भिंतीवर होती, आणि तिच्या एका दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली होती. बारक्याच्या बोटांना कुठलीही पट्टी दिसली की ती उचकटल्याशिवाय चैन पडत नसे. त्याने कोपरा उचलला. खाली केशरी दिवा लुकलुकत होता.

"केशरी म्हणजे कुठली तरी पेटी जुळत नाहीये," झिपरी हळूच म्हणाली. वायरमनची लेक होती ती, तिला दिवे पाठ होते.

तेवढ्यात ताईचे बाबा आत आले. त्यांनी पट्टी दाबून परत नीट बसवली. हा दिवा डोळ्यांत खुपतो, म्हणाले, आणि आता बाहेर खेळा. बाबा असं तुटक कधी बोलत नसत. ताईच्या मनात तेव्हाच कुठेतरी पाल चुकचुकली.

न जुळणारी पेटी शोधायला तिघं घरोघर निघाली आणि वसाहतीचं पितळ उघडं पडलं. एका घरची पेटी बंद होती, कारण तिच्या सॉकेटला मिक्सर लावला होता. दुसरीकडे ती फ्रिजमागे पडली होती आणि त्यात कोळ्याने संसार थाटला होता. डॉक्टरीणबाईंच्या पेटीवर कुंडी होती. "कुंडीला उंची अगदी बरोबर होते," त्या म्हणाल्या. साखळी राखायची ती कुणी तरी राखेल, असं प्रत्येक घराने गृहीत धरलं होतं. झिपरी कार्यालयामागच्या खोलीत राहायची, तिथे वेगळी पेटीच नव्हती. चालू पेट्या होत्या त्या फक्त कार्यालयाची आणि ताईच्या घरची, आणि त्या दोन्ही एकमेकींशी जुळत होत्या.

"मग भांडतंय कोण?" बारक्याने विचारलं.

झिपरीने मैदानापलीकडच्या कुलूपबंद घराकडे पाहिलं. आजी गेल्यापासून त्या घरात कुणी पाऊल टाकलं नव्हतं. म्हणजे तिथली पेटी बंद करायलाही कुणी गेलं नव्हतं.

आजींची भाची दुसऱ्या दिवशी घर आवरायला आली. तिघं मदतीला हजर झाली. आत शिवणयंत्रावर एक अर्धवट शिवलेला सदरा तसाच होता, बाही लावायची राहिलेली. तो बारक्याच्या मापाचा होता. बारक्या त्याच्याकडे बघत उभा राहिला आणि मग एकाएकी रडू लागला. भाचीने त्याला जवळ घेतलं आणि तीही रडली.

पेटी यंत्राशेजारी चालूच होती. झिपरीने मागची कडी शोधली आणि पडद्यावर त्या संध्याकाळचा प्रश्न आला. सभागृहासाठी राखीव साठा उघडायचा का? कार्यालय, होकार. सचिवांचं घर, होकार. शिवणाच्या आजी, नकार. बाकीच्या पेट्या बंद.

ताईला ती संध्याकाळ आठवली. वसाहतीची स्वच्छ वीज बघायला पाहुणे आले होते. सभागृहात सगळे दिवे, सगळे कूलर सुरू होते. कार्यक्रमातून बाबा घाईने घरी आले, पेटीवरचं बटण दाबलं, जाता जाता तिच्या डोक्यावर टपली मारली आणि गेले. वादळ त्यानंतर आलं. आपल्या बाबांनी राखीव वीज झगमगाटासाठी उघडली होती, आणि नंतर कार्यालयाच्या आणि घरच्या अशा दोन्ही पेट्यांतली कडी पुसून तिथे वायरमनकाकांचं नाव घातलं होतं.

झिपरीनेही सगळं वाचलं होतं. तिने पेटीचा पडदा बंद केला.

"तू नाही सांगितलंस तर मीही कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "आम्ही तर तसेही जाणारच आहोत."

तिने भांडण काढलं असतं, तर ताईला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी ताईने बाबांना विचारूनच टाकलं, की आजींच्या पेटीत काही वेगळं असेल का. बाबांचा घास हातातच राहिला. मोठ्यांच्या भानगडीत पडू नकोस, असं म्हणून ते पाणी प्यायले. सकाळी ते भाचीकडे जाऊन पेटी दुरुस्तीला म्हणून घेऊन आले.

पण जेवताना सगळं ऐकलेला बारक्या त्यांच्याआधी जाऊन आला होता! आजींची आठवण म्हणून पेटी द्याल का, असं त्याने भाचीला विचारलं, तिने दिली, आणि त्याने तिच्या जागी डॉक्टरीणबाईंच्या कुंडीखालून गुपचूप काढून आणलेली पेटी ठेवून दिली. बाबांनी मोठ्या काळजीने उचलून नेली ती मातीचे डाग पडलेली पेटी. एरवी ताई यावर पोट धरून हसली असती. त्या दिवशी तिला हसूच आलं नाही.

रविवारी तिघांनी प्रत्येक घरातून पेटी मागवली. प्रकल्पाला हव्यात म्हटल्यावर कुणी नाही म्हटलं नाही. डॉक्टरीणबाईंची पेटी सापडेना, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. सभागृहात लांब टेबलावर पेट्या ओळीने लावल्या. कार्यालयाची पेटी बाबा आणू देत नव्हते, पण तिच्याशिवाय काय दाखवणार, असं प्रकल्प बघायला आलेल्या मुख्याध्यापकबाईंनीच म्हटल्यावर त्यांचा नाइलाज झाला. वायरमनकाका मागे दाराशी बसले होते. सामान बांधून झालं होतं.

ताईने गाठींचं सगळं समजावून सांगितलं. पेटी माणूस बघत नाही, गाठ बघते, ती म्हणाली. खरी कडी ज्या त्या घराच्या खुणेने बांधलेली असते. मागून कुणी घातलेल्या कडीवर ती खूण येत नाही. मग तिने एकदाच बाबांकडे पाहिलं आणि आजींच्या पेटीची पिन लावली.

पेट्या थोडा वेळ नुसत्याच लुकलुकल्या. मग एकेक करून हिरव्या झाल्या. कार्यालयाची आणि ताईच्या घरची, या दोनच पेट्या लाल झाल्या. सगळ्या हिरव्या पेट्यांच्या पडद्यावर तीच कडी आली होती. ती मुख्याध्यापकबाईंनी मोठ्याने वाचली. आजींचा नकार वाचताना त्या अडखळल्या. शेवटची ओळ होती, बाकीच्या पेट्या बंद. त्या ओळीला सगळ्यांच्या माना खाली गेल्या, कारण त्या पेट्या त्यांच्याच होत्या. एखाद-दोन घरांनी जरी आजींसारखं नाही म्हटलं असतं, तरी साठा उघडला नसता.

बाबा उभे राहिले. "साठा मी उघडला," ते म्हणाले. "वादळ येईल असं वाटलं नव्हतं. नंतर घाबरलो आणि दुसऱ्याचं नाव घातलं." मग ते दारापर्यंत चालत गेले आणि वायरमनकाकांसमोर त्यांनी हात जोडले.

काका त्यांच्या हातांकडे बघत राहिले. "मला वाटत होतं, त्या माझ्यामुळे गेल्या," ते म्हणाले. "रोज सकाळी उठलो की तेच वाटायचं." ते चिडले नाहीत. त्यांना नुसता हुंदका आला, आणि झिपरी धावत जाऊन त्यांना बिलगली.

काकांनी जायचं नाही, असं सभेने एकमुखाने ठरवलं. बाबांचं सचिवपद गेलं, आणि पुढे काय करायचं ते चौकशीनंतर ठरणार होतं. प्रत्येकाने आपापली पेटी उचलली आणि गुपचूप घरी नेली. मुख्याध्यापकबाईंनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला, डॉक्टरीणबाईंनी ताईला शाबासकी दिली, आजींची भाची तर तिचा हात सोडायला तयार नव्हती. हुशार आहेस, धीराची आहेस, असं सगळेच म्हणत होते. ताई सगळ्यांना हो हो म्हणत होती. तिला फक्त घरी जायचं होतं, आणि घरी जायचीच भीती वाटत होती.

बाबा घराच्या पायरीवर बसले होते. ती त्यांच्या समोर उभी राहिली.

"बस," ते म्हणाले. ती बसली.

"तू केलंस ते बरोबर केलंस," बाबा म्हणाले. "मला ते करवलं नाही."

सभागृहातल्या एवढ्या कौतुकात तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. आता मात्र ती बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत सुटली. बाबांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. आतून आई जेवायला हाका मारत होती, आणि दोघांपैकी कुणालाच उठवत नव्हतं.