पैलठाण्याचे वजन

उपोषणाच्या सव्विसाव्या दिवशी पैलठाण्याच्या चौकातल्या फळ्यावर एकशे अठरा किलो असा आकडा लिहिला गेला. नऊ उपोषणकर्त्यांचे मिळून एवढे वजन घटले होते. रोज सकाळी नऊही जणांना धरून धरून काट्यावर उभे करायचे, किती उतरले ते पाहायचे आणि बेरीज खडूने फळ्यावर मांडायची, असा कृती समितीचा शिरस्ता होता. आकडा वाढला की जमलेले लोक समाधानाने मान हलवत. पैलठाणे तेवढ्याने हलके झाले आणि पलीकडे सरकारच्या पायाखालची जमीन तेवढ्याने सैल झाली, असे त्यांचे गणित होते.

गणित वेडगळ वाटले तरी त्यामागे शास्त्र होते, आणि ते समजायला अवघडही नाही. पृथ्वीपासून दूर, जिथे कशालाच वजन नसते अशा पोकळीत, माणसांनी दोन वसाहती बांधल्या आणि नऊ किलोमीटर लांबीच्या दोराने एकमेकींना जोडून गरगर फिरवल्या. फुगडी घालणाऱ्या दोन मुली डोळ्यांसमोर आणाव्यात. हात घट्ट धरलेले, अंग मागे झोकलेले. वेग आला की प्रत्येकीला कोणीतरी बाहेरच्या बाजूला ओढते आहे असे वाटते. या ठाण्यांत त्या ओढीलाच वजन म्हणतात. सव्वादोन मिनिटांत एक फेरी होते आणि तिच्या जोरावर भात ताटात राहतो, पाणी नळातून खाली पडते, म्हाताऱ्यांची हाडे शाबूत राहतात. पण फुगडी एकटीने घालता येत नाही. एकीने हात सोडले तर दुसरीही भेलकांडत जाते. एक मुलगी हलकी होत गेली तर दुसरी जवळजवळ जागच्या जागी फिरू लागते आणि तिची ओढ कमी होते. थोडक्यात, ऐलठाण्यातल्या माणसाला जे वजन मिळते ते पैलठाण्याच्या भारामुळे. स्वतःच्या भाराचा त्याला काही उपयोग नाही.

नावे कोणत्या ठाण्यात बसून ठेवली गेली हे सांगायला नकोच. ऐलठाण्यात सरकार होते, इस्पितळ होते, महाविद्यालय होते. पैलठाण्यात धातूच्या भट्ट्या होत्या आणि त्या भट्ट्यांवर खोकणारी एकतीस हजार माणसे होती. दोरावरून ये-जा करणाऱ्या डब्याला लोक पाळणा म्हणत. एका बाजूने जेवढा भार जाईल तेवढाच दुसऱ्या बाजूने आला पाहिजे, असा नियम असल्यामुळे पैलठाण्याच्या आजाऱ्याला इस्पितळात जायचे तर पलीकडून तेवढ्या वजनाचे काहीतरी यायला निघेपर्यंत पाळण्यात पडून राहावे लागे. बारा वर्षांपूर्वी पैलठाण्याच्या सभेने ठराव केला की आम्हाला वेगळे व्हायचे आहे, जवळून जाणाऱ्या एखाद्या खडकाशी आम्ही आमची फुगडी घालू. सरकारने उत्तर दिले की पैलठाणे हा संघराज्याचा अविभाज्य भाग असून तो तसाच राखण्यास सरकार कटिबद्ध आहे. तेच वाक्य त्यानंतर रोज सकाळी आठ वाजता चौकातल्या कर्ण्यावरून ऐकवले जाई. बारा वर्षांनी ते कोणाला ऐकू येईनासे झाले होते.

दोर सोडण्याचा खटका दोराच्या मध्यावर, सरकारच्या पहाऱ्यात होता. भाररक्षण कायद्याने पैलठाण्यातून सुईसुद्धा बाहेर टाकायला बंदी होती आणि बाहेरच्या सगळ्या दारांना सरकारी कुलपे होती. मग करायचे काय? पैलठाण्याच्या लोकांनी पूर्वजांचा पृथ्वीवरचा मार्ग धरला. ते उपोषणाला बसले. त्यात दुहेरी फायदा आहे असे समितीला वाटले होते. सरकारला लाज वाटली तर उत्तमच, आणि नाही वाटली तरी वजन तर घटणारच.

त्या सव्विसाव्या दिवशी पाळण्यातून डॉ. मुकुंद हळबे उतरले. साठीला आलेले, बोलताना चष्मा पुसत राहणारे गृहस्थ. दोराचा ताण मोजणे हे त्यांचे काम. दोर किती ताणला आहे त्यावरून टोकाशी किती भार आहे हे नऊ आकड्यांपर्यंत अचूक कळते, आणि तो आकडा ते तीस वर्षे सरकारला कळवत आले होते. एरवी ते हे काम ऐलठाण्यातूनच करत, पण उपोषणाच्या बातम्यांनी मंत्री अस्वस्थ झाले आणि त्यांनी हळब्यांना समक्ष जाऊन मोजायला सांगितले.

जिथे दोर पैलठाण्याला जखडलेला आहे त्या दोरघराची देखभाल सगुणा तांडेलकडे होती. दार उघडायचे, वंगण घालायचे, जमीन पुसायची. डॉक्टर आले आहेत एवढेच तिला सांगण्यात आले होते.

"डॉक्टर, तुमचं काम झालं की जरा मंडपात येता का?" तिने दार उघडता उघडता विचारले. "आमचे हे बसलेत. धाकू तांडेल. कालपासून त्यांना नीट दिसत नाय म्हणतात. नाडी तरी बघाल."

"बाई, मी त्यातला डॉक्टर नव्हे," हळबे ओशाळून म्हणाले. "मी यंत्रशास्त्राचा."

"मग राहू द्या," ती म्हणाली आणि फडके घेऊन जमीन पुसायला लागली.

हळब्यांनी आपले यंत्र दोराच्या बुडाशी लावले, अर्धा तास आकडे पाहिले आणि यंत्र पेटीत ठेवले. सगुणा तोवर थांबली होती.

"किती उतरलं?" तिने विचारले.

"काय?"

"वजन. आमचं. फळ्यावर तर एकशे अठरा आहे. यांचंच बारा किलो गेलंय."

हळब्यांनी चष्मा काढला. खोटे बोलणे सोपे होते, पण ते त्यांना कधी जमले नव्हते. "काही उतरलेलं नाही, बाई. उपोषणाच्या आदल्या दिवशी होतं तेवढंच आहे."

"असं कसं? डोळ्यांना दिसतंय की. बरगड्या मोजता येतात त्यांच्या."

"ते खरं आहे. पण ते बारा किलो गेले कुठे, याचा विचार केलात का?"

हळबे भिंतीपाशी गेले. दोरघर थंड असल्यामुळे भिंतीवर नेहमी दहिवर साचलेले असे. त्यांनी त्यावरून बोट फिरवले आणि ओले बोट तिच्यासमोर धरले.

"माणूस उपाशी राहिला की शरीर स्वतःचीच चरबी आणि मांस जाळतं. त्याची वाफ होते, हवा होते, पाणी होतं. श्वासातून बाहेर पडतं, घामातून पडतं. बंद घरात पातेलं उकळत ठेवलं तर पातेलं रिकामं होतं, घर काही हलकं होत नाही. पाणी भिंतींना लागतं. पैलठाणे हे पूर्ण बंद घर आहे. यातलं थोडं पाणी..." ते अडखळले. "यात थोडे धाकूरावही असतील."

सगुणाने भिंतीकडे पाहिले. मग हातातल्या फडक्याकडे. चार आठवडे ती रोज ही भिंत पुसत होती.

"आणि मेले तर?"

हळबे रुमालाने बोट पुसू लागले.

"साहेब, मेले तर?"

"तरी नाही. माणूस मेला म्हणून त्याचा भार कमी होत नाही. तुम्ही त्याला मळ्याच्या मातीत पुरता. तो इथेच राहतो."

"नऊच्या नऊ गेले तर?"

"एकतीस हजार गेले तरी, बाई." हळबे आता तिच्याकडे पाहत नव्हते. "सरकारला हे माहीत आहे. मीच लिहून दिलंय. सरकार माझ्याकडून एकच आकडा मागतं. त्यात माणसं किती, हे कधी विचारलेलं नाही. पैलठाणे राखायचं म्हणजे एवढा भार दोराच्या या टोकाला राखायचा. त्यात खोटं काही नाही."

"म्हणजे आम्ही नकोच आहोत त्यांना?"

"नकोत असंही नाही," हळबे म्हणाले, आणि हे बोलल्याची त्यांना फार लाज वाटली.

सगुणाने दोरघराला कुलूप लावले आणि ती मंडपात गेली. बारा वर्षे तिने मोर्चे पाहिले होते, घोषणा दिल्या होत्या, सरकार आपल्याला पिळते म्हणून शिव्या घातल्या होत्या. निदान आपण कोणाच्या तरी डोळ्यांत सलतो, एवढे तरी तिला वाटत होते. आता तिला राग यायला हवा होता, पण तो येत नव्हता. हात बधिरल्यावर बोटे आपली नसल्यासारखी वाटतात तसे तिला सगळ्या अंगभर वाटत होते.

धाकू सतरंजीवर पडला होता. पूर्वी दोराची डागडुजी करणारा काटक गडी. आता चादरीखाली कोणी आहे की नाही ते पाहावे लागे. तिने त्याच्या कानाशी वाकून सगळे सांगितले.

"सगळं इथंच?" त्याने विचारले.

"सगळं. हवेत नि पाण्यात." तिने त्याचा हात धरला. "उठा आता. पेज करते मी. पातळ करते, पोटाला झेपेल अशी."

"आणि लोकांना काय सांगायचं?"

"हेच."

"कोण सांगणार?" धाकूचा आवाज अगदी बारीक झाला होता. "रोज हजार माणसं फळा बघायला येतात, सगुणा. बारा वर्षांत त्यांच्या हाती तेवढंच लागलंय. तू सांगशील?"

सगुणाने मान वर केली. फळ्यासमोर गर्दी होती. भट्टीची पाळी संपवून आलेले लोक काळ्या तोंडाने आकडा वाचत होते. एक बाई शेजारणीला सांगत होती की ऐलठाण्यात म्हणे जिने चढताना आता हलके वाटते. सगुणाने तोंड उघडले आणि मिटले. ती बोलली असती तर नऊ माणसे त्या संध्याकाळी जेवली असती. हे तिला नंतर उमगले असे नाही, तेव्हाच कळत होते. ती नवऱ्याजवळ बसून राहिली आणि त्याचे ओठ ओल्या कापसाने पुसत राहिली.

एकतिसाव्या दिवशी दुपारी धाकू तांडेल गेला. सरकारने शोक व्यक्त केला. फळ्यावर समितीने त्या दिवशी एक्केचाळीस किलो एकदम वाढवले, कारण मेलेला माणूस गेला असेच धरायचे असते.

मळ्यात नेण्याची तयारी झाली तेव्हा सगुणाने नकार दिला आणि ती हळब्यांकडे गेली. ते अजून पैलठाण्यातच होते. रोज मोजून रोज तोच आकडा कळवत होते.

"दोरघराच्या तळाला एक दार आहे," ती म्हणाली. "किल्ली तुमच्याकडं असते. यांना त्यातनं सोडा."

"कायद्याने..."

"इथं ठेवलं तर ते सरकारचं वजन होऊन राहतील. त्यासाठी नव्हते मेले ते."

हळब्यांनी कागद घेतला आणि आकडेमोड केली. एवढ्या भाराने ऐलठाण्यातल्या कोणालाही काही जाणवणार नव्हते. फरक पडला तर नवव्या आकड्यात. तीस वर्षांत त्यांनी एकही नियम मोडला नव्हता. त्यांनी किल्ली काढून तिच्या हातात दिली.

दाराबाहेर ढकलावे लागत नाही. आधार सुटला की वस्तू सरळ रेषेत निघून जाते आणि ठाणे आपल्या वाटेने वळते. धाकू पांढऱ्या कापडात गेला, थोडा वेळ दिसला आणि मग दिसेनासा झाला. हळब्यांनी यंत्राकडे पाहिले. ठाणी बांधल्यापासूनच्या साठ वर्षांत पहिल्यांदा पैलठाण्याचे वजन घटले होते.

"उतरलं?" सगुणाने विचारले.

"उतरलं."

तिला बरे वाटेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती फक्त किल्ली परत देऊन घरी गेली. हळब्यांनी रात्रीचा अहवाल लिहिला आणि खरा आकडा लिहिला. खोटा लिहिणे त्यांना तेव्हाही जमले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळण्यातून दोन हमाल एक जाड कापडाचे पोते घेऊन सगुणाच्या दारात आले. दोराच्या मध्यावर, जिथे कशालाच वजन नसते, तिथे सरकारने याच कामासाठी भट्ट्यांतला खंगर साठवून ठेवला होता. धातू काढून घेतल्यावर उरणारा तो दगडासारखा चोथा. पोत्याला चिठ्ठी बांधली होती: एक्केचाळीस किलो दोनशे ग्रॅम, कै. धाकू लक्ष्मण तांडेल यांच्या जागी.

"वहिनी, इथं सही लागेल," मोठा हमाल अदबीने म्हणाला. तोही पैलठाण्याचाच होता.

तिने सही केली. "कुठं ठेवायचं हे?"

"नियमाप्रमाणं ते राहायचे तिथंच."

सगुणाने खाटेवरची वाकळ उचलली आणि बाजूला सरली. हमालांनी पोते खाटेवर आडवे ठेवले. सगळा भार मधोमध एकवटला आणि खाट करकरली. धाकू धडधाकट होता तेव्हाही तिला एवढा बाक येत नसे.

धाकटा हमाल निघाला, पण मोठा उंबऱ्यावर घुटमळला. त्याला विचारायला संकोच वाटत होता, आणि विचारायचे तर होते.

"वहिनी, मंडपात अजून आठ जण आहेत ना? त्यांचीही माणसं तुमच्यासारखंच दार मागतील. वजनं आत्ताच कळली असती तर... म्हणजे आम्हाला एका फेरीत आणता आलं असतं. पाळण्याला फार खोळंबा होतो."

सगुणाने हातातली वाकळ घडी करून खाटेच्या पायथ्याशी ठेवली. मग तिने एकेक नाव घेऊन वजने सांगायला सुरुवात केली. सगळ्यात हलकी तिची जाऊ होती. ती छत्तीस किलोंची होती.