चाळीस किलो

फौजदार नवनाथ रोकडे बेल्ह्याच्या वरच्या माळावर पोचले तेव्हा पंगत अजून चालू होती.

रविवारची दुपार. मांडवात पुण्याचे पाहुणे मटणाची ताटं घेऊन बसले होते आणि वाढपी रस्सा घेऊन फिरत होते. तिथून दोनशे पावलांवर, डांबरी ट्रॅकच्या दुसऱ्या वळणाबाहेर, लाल गाडी उलटी पडली होती. तिच्यातून माणूस ओढून काढल्याला पाऊण तासही झाला नव्हता.

"जेवण थांबवलं नाही?" नवनाथांनी विचारलं.

"शिजलं व्हतं, साहेब," वाढपी म्हणाला. "मालक म्हणाले, पावणं लांबून आल्यात."

नवनाथ गाडीकडे वळले.

मेला तो गोरख. वय एकतीस. आधी टोमॅटोची पिकअप वाशीला न्यायचा आणि त्याच्याआधी तिथे कोणी पोचत नसे. ते ऐकून इथले बडे बागायतदार दादाभाऊ यांनी त्याला शर्यतीची गाडी चालवायला पगारावर ठेवला. माळ दादाभाऊंचा, ट्रॅक दादाभाऊंचा, गाडीही त्यांचीच. जानेवारीत पुण्याच्या गाडीवाल्यांनी याच ट्रॅकवर त्यांच्या गाडीपेक्षा दीड सेकंद कमी वेळ लावला होता आणि जाताना हसले होते. तेव्हापासून गाडी सोलणं सुरू झालं. मागची सीट गेली, एसी गेला, गालिचा गेला, मागच्या काचेच्या जागी प्लास्टिक आलं. स्प्रिंगा कडक झाल्या, टायर मऊ झाले. राहिला तो पिंजरा. छताखालून जमिनीपर्यंत पोलादी पाइपांचा सांगाडा, गाडी उलटली तर आतला माणूस चेंगरू नये म्हणून.

आज गाडी उलटली आणि पिंजरा बिस्किटाच्या डब्यासारखा चेपला.

टायरांच्या ढिगाजवळ मिस्त्री जानकू बसला होता. गाडीचं सगळं काम त्याच्या हातचं, आणि गोरख त्याचा दाजी, बहीण रत्नाचा नवरा.

"ह्यो माझा पिंजरा न्हाई," तो एवढंच म्हणत होता.

"मग कोणाचा रं?" दादाभाऊ पुढे आले. पांढरा सदरा, डोळे लाल. "साहेब, ह्यो पाइप पॉलिहाऊसचा हाय. चांगला पाइप भाईरच्या भाईर विकला ह्यानं. सख्ख्या दाजीला खाल्लं. लिहून घ्या माझी तक्रार."

फाटलेल्या फोममधून दिसणारा पाइप खरोखरच पॉलिहाऊसचा होता, जस्ताचा मुलामा दिलेला आणि पातळ. वर्कशॉपची, वेल्डिंगची सवय एकट्या जानकूला. नवनाथांनी त्याला जीपमध्ये बसवलं.

सोमवारी सकाळी कोठडीत प्रश्न सुरू झाले.

"पिंजरा कधी बसवलास?"

"फेब्रुवारीत. जाड पाइप, पुण्याहून आणलेला."

"शेवटचा कधी बघितलास?"

"मागल्या सोमवारी. टायर बदलले तवा."

"नंतर?"

"मंगळवारी शिनोलीला गेलो. सासऱ्यांच्या डोळ्याचं आप्रेशन व्हतं. गुरवारी सकाळी आलो."

"साक्षीदार?"

"सासरचीच माणसं."

"ती तुझ्या बाजूनंच बोलणार. बरं, गुरुवारी आल्यावर पिंजरा बदललेला दिसला नाही?"

"रंग काळाच व्हता. वर फोमची गुंडाळी तीच. पाइप आतनं किती पोकळ, ते बाहेरनं कसं कळणार, साहेब?"

"वर्कशॉपची किल्ली?"

"मालकांच्या घरी, खुंटीला."

नवनाथ तिथून येडगावला रत्नाकडे गेले. ती दारातच बसली होती. भावाचं नाव निघताच तिने हात वर करून थांबवलं.

"साहेब, त्यानं केलं असंल तर त्याचं तोंड मला दाखवू नका. आन केलं नसंल तर दहाव्याच्या आत सांगा. माहेरचं दुसरं कोणी न्हाई मला."

"गोरख काही बोलला होता? गाडीबद्दल?"

"गाडीबद्दल न्हाई. भाकरीबद्दल बोलायचे. मालक रोज सकाळी त्यांना कांद्याच्या काट्यावर उभं करायचे. म्हणायचे, एक भाकरी कमी खा, गाडी पळंल. आठ किलो उतरवलं त्यांचं. घरी आले की ताटाकडं बघायचे आन उठायचे." ती थांबली. "पोत्यावाणी तोलायचे हो माणसाला."

नवनाथ नमस्कार करून निघाले. बायको जाऊन त्यांना पाच महिने झाले होते. अशा वेळी लोक जे बोलतात ते किती निरुपयोगी असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

दादाभाऊंच्या बंगल्यात दिवाणखान्याच्या भिंतीवर बैलगाडा शर्यतींच्या ढाली होत्या. मधोमध एक जुना फोटो. तरुण दादाभाऊ, हातात वेल्डिंगचा होल्डर, मागे ‘गेट, ग्रिल, शटर’ अशी पाटी.

"शून्यातनं वर आलोय, साहेब," दादाभाऊ म्हणाले. "विचारा काय इचारायचं ते."

आधी त्यांची मुलगी राजनंदिनी बोलली. पुण्यात इंजिनिअर झालेली. गाडीचं वजन, टायरची हवा, फेरीचा वेळ, सगळं तिच्या लॅपटॉपवर.

"सोमवारी गाडी अकराशे ऐंशी किलो होती. शुक्रवारी अकराशे चाळीस."

"आणि वेळ?"

"एक मिनिट चौदा पॉइंट चारवरून बारा पॉइंट नऊवर आला."

"चाळीस किलो कुठे गेले, विचारलं नाही?"

तिने लॅपटॉप मिटला. "नाही. नंबर चांगला आला की कोणी विचारत नाही, सर. आम्ही पेढे वाटले."

"सोमवार ते शुक्रवार गाडीला हात कोणी लावला?"

"मंगळवारी संध्याकाळपर्यंत मी आत वायरिंग करत होते. पिंजऱ्यालाच वायरी बांधल्या, तेव्हा तो जाडच होता. गुरुवारी सकाळपासून जानकू होता."

"म्हणजे बुधवार. बुधवारी इथे कोण होतं?"

"मी पुण्याला. आप्पा आजारी."

दादाभाऊंनी खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. जणू वाटच बघत होते. "बुधवारी दिवसभर अंथरुणात व्हतो. थंडीतापानं फणफणलो. डॉक्टर घरी आलता. बघा."

कागदावर वेळ होती, रात्रीचे नऊ. ताप एकशे दोन. रक्तात मलेरिया नाही.

"आता कसं आहे?"

"गुरवारी सकाळीच ठणठणीत. चला, बैल दाखवतो."

गोठ्यात पंखे होते, मच्छरदाण्या होत्या. चार बैल, आणि दोघादोघांमध्ये काळ्या रंगाचे नवे दांडे. दांडे सरळ नव्हते. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत बाक देऊन खाली आणलेले, कमानीसारखे.

"एकमेकांना शिंगं मारत्यात," दादाभाऊ म्हणाले. "ह्या खोंडाला पंधरा लाखाला मागितलाय. ह्याला खरचटलं तर मला झोप येत न्हाई."

नवनाथांनी दांड्यावर टिचकी मारली. आवाज भरीव आला. त्यांनी पुन्हा एकदा टिचकी मारली आणि कमानीचा बाक बघून घेतला.

निघताना दादाभाऊंची बायको तुकाबाई चहा घेऊन ओट्यावर आली.

"बुधवारी लई घाबरले मी, साहेब. दिवेलागणीला आले ते दात वाजवतच. तीन गोधड्या घातल्या. म्हणत व्हते, तोंडात तांब्याची चव येतीय. आन रात सरली तशी उठून बैलांकडं गेले, काही झालंच न्हाई असं."

"बरं झालं," नवनाथ म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठले.

ते सरळ वर्कशॉपला गेले. गाडी तिथे आणून ठेवली होती. त्यांनी फोम कापून काढला आणि बॅटरी लावून पिंजऱ्याचे पाय बघितले.

प्रत्येक पायाला दोन सांधे होते. खालचा सांधा गाडीच्या तळाशी, ग्राइंडर मारून गुळगुळीत केलेला. त्यावर तीन बोटं उंचीचा जाड पाइपचा खुंट. खुंटावर दुसरा सांधा, ओबडधोबड, भोवती पांढरी भुकटी. तिथून वर पातळ पाइप.

नवनाथांनी उकिडवं बसून ती भुकटी बोटावर घेतली.

पोलिसात येण्याआधी दोन वर्षं ते घोडेगावात फॅब्रिकेशनला होते. जस्ताचा पाइप न घासता जोडला की पांढरा धूर निघायचा. तो नाकात गेला तरी लगेच काही होत नसे. संध्याकाळी थंडी भरायची, तोंडात धातूची चव यायची. बायको न विचारता दूध गरम करून गूळ घालून द्यायची. "आज जस्त व्हतं ना?" एवढंच म्हणायची. सकाळी सगळं उतरलेलं असायचं.

त्यांनी डोळे पुसले आणि मोजायची टेप शोधली.

दुपारी चार वाजता गोठ्यात सगळी उभी होती. दादाभाऊ, राजनंदिनी, तुकाबाई, दोन शिपाई.

"दादाभाऊ, जानकूनं पिंजरा बदलला नाही," नवनाथ म्हणाले. "जानकू रोजचा वेल्डर आहे. जस्त घासल्याशिवाय तो टाका घालत नाही, कारण धुरानं काय होतं ते त्याला माहीत आहे. गाडीतला खालचा सांधा त्याचा आहे, स्वच्छ. वरच्या सांध्याला जस्ताची राख आहे. तो टाका अशा माणसाचा, ज्याला वेल्डिंग येतं, पण ज्याला ग्रिलची दुकानदारी सोडून वीस वर्षं झाली."

"हवेतल्या गप्पा," दादाभाऊ म्हणाले. "मी आजारी व्हतो. कागद दिलाय."

"तोच कागद तुम्हाला घेऊन बुडला. दिवसभर अंथरुणात होतो म्हणालात. वहिनी म्हणाल्या, दिवेलागणीला घरी आले. मलेरिया नाही, संध्याकाळी थंडी, तोंडात तांबं, सकाळी ठणठणीत. याला जस्ताचा ताप म्हणतात. दिवसभर बंद वर्कशॉपमध्ये जस्ताचा पाइप जोडल्याशिवाय तो येत नाही. त्या दिवशी तुम्ही आजारी नसता तर मला काहीच सापडलं नसतं."

तुकाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आणि जुना पिंजरा विकलेला नाही," नवनाथांनी कमानीला टेप लावली. "चार फूट दोन इंच. गाडीची आतली रुंदी चार फूट दोन इंच. गाडीतला खुंट आणि हा पाइप एकाच जाडीचा. बैलांसाठी वाकवलेले दांडे कोणी करत नाही. हे गाडीच्या छतासाठी वाकवले होते."

राजनंदिनी कमानीकडे बघत होती. तिथे पाइपला अजून एक पांढरी प्लास्टिकची पट्टी चिकटलेली होती. मंगळवारी तिने जिने वायर बांधली होती तीच.

"आप्पा," ती म्हणाली, "ही माझी आहे."

दादाभाऊंनी मुलीकडे बघितलं आणि त्यांचा आवाज उतरला.

"चांगला पाइप व्हता. टाकवला न्हाई." मग एकदम चिडून म्हणाले, "काय मोठं केलं मी? हलकं केलं. गाडा हलका केला की पळतो. जल्मभर तेच करतोय."

"शर्यतीच्या घाटात तुमच्या बैलगाड्यावर माणूस बसत नाही, दादाभाऊ. बैल जुंपतात आणि सोडतात. इथे आत माणूस होता."

"पडला नसता तर? पडायचाच नसंल तर पिंजरा कशाला? तीन महिन्यांत एकदा पडला न्हाई."

"गोरखला सांगितलं होतं का?"

दादाभाऊंनी खोंडाच्या पाठीवर हात ठेवला.

"सांगितलं होतं का?"

"सांगितलं असतं तर त्यानं वळणावर पाय काढला असता," दादाभाऊ म्हणाले.

राजनंदिनी मागे सरली आणि भिंतीला टेकली.

नवनाथांना वाटलं, या माणसाला हात लावल्यावर हात धुवावे लागतील. त्यांनी शिपायांना खूण केली. "जाणूनबुजून जिवाशी खेळला आणि खोटी तक्रार दिली. दोन्ही लिहा. जुने पाइप कापून जप्त करा."

"बैल भांडतील ओ," दादाभाऊ जाताना म्हणाले.

मंगळवारी सकाळी जानकूला सोडलं. चौकीच्या पायऱ्यांखाली रत्ना उभी होती, डोक्यावर पदर, हातात दोघांच्या एसटीच्या तिकिटाचे पैसे. नवनाथांनी आदल्या संध्याकाळीच तिला सगळं सांगितलं होतं.

जानकू पायरीवरच थांबला. त्याला खाली उतरवेना.

"आक्का, मी न्हाई केलं."

"ठाव हाय."

"मग?"

"गुरवारी तू गाडीत बसला व्हतास ना रं? एकदा तरी टकटक करून बघायचं."

"रंग त्योच व्हता, आक्का."

त्याने मान वर केली नाही. समोरच्या टपरीवर कोणीतरी चहा ओतत होतं, रस्त्यावरून कांद्याचा टेम्पो गेला.

"जीपनं सोडतो," नवनाथ म्हणाले.

"नको, साहेब. आमी जाऊ." मग भावाला म्हणाली, "चल. दहाव्याच्या मांडवाला बांबू आणायचेत, माणसं बोलवायचीत. मला एकटीला व्हायचं न्हाई."

ती पुढे निघाली. दहा पावलांवर थांबली आणि तो बरोबरीला येईपर्यंत मागे न बघता उभी राहिली.